खोटं बाजूला बसणं

अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी तेव्हा बारावीत होते, आंदर मावळातल्या आमच्या गावातून एसटीने तळेगावला कॉलेजला जायचे. माझी पाळी मनात आलं तर यायची, नाहीतर महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. हनुवटीवर राठ केस उगवले होते, वजन वाढत होतं, आणि घरच्यांचं निदान एकच: पोरगी लय खाती.

आमच्याकडे पाळी आली की बाईने चार दिवस ओटीवर बाजूला बसायचं. वेगळं पोतं, वेगळं ताट-तांब्या. त्यामुळे कुणाला कधी कावळा शिवला हे अख्ख्या आळीला पाठ. शेजारीच राहणाऱ्या माझ्या चुलतीने हेरलं की मी कधीची बसलेच नाही. भर अंगणात तिने आईला विचारलं, पोरीचं काय चाललंय म्हणून. तिचा रोख न कळायला आई काही खुळी नव्हती.

आईने मला लोणावळ्याला नेलं, तिथं आपल्याला कोण ओळखतंय म्हणून. मेडिकलमधून दिवस गेलेत का ते बघायची पट्टी आणली आणि एसटी स्टँडच्या घाणेरड्या संडासात मला वापरायला लावली. अहो, मी कुठल्या मुलाशी धड बोललेसुद्धा नव्हते! एकच रेघ आली तेव्हा आईने हुश्श केलं. मग पाळी का येत नाही, हे डॉक्टरला विचारायला नको? छे! तिने ठरवलं की पाळी येवो न येवो, मी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचं. लोकांची तोंडं बंद.

बसले. वर्षभर बसले. लावणीच्या घाईत सगळं घर खाचरात राबत होतं आणि मी धडधाकट असून ओटीवर पोतं राखत होते. आळीचं समाधान झालं, चुलतीचंही झालं.

मग एकदा खरंच पाळी आली, ती थांबेचना. आठवडे उलटले. आई म्हणे, साठलेलं जातंय, जाऊ दे. शेवटी मी मोरीत चक्कर येऊन पडले. चुलत्याच्या गाडीतून मला सोमाटण्याच्या दवाखान्यात नेलं, सोबत चुलतीही आली. डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळी नियमित येते का? आईने आधी चुलतीकडे पाहिलं.

"व्हय, दर महिन्याला. येळंवर."

मी तिथं रक्ताने भिजून पडलेले, आणि ही अब्रू सांभाळत होती!

"खोटं आहे," मी म्हणाले. "मी नुसती बसत होते. पाळी आलीच नव्हती."

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि नंतर समजावलं. याला पीसीओएस म्हणतात. हार्मोन्सचा तोल बिघडतो, स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, पिशवीतलं अस्तर साचत जातं आणि मग असं कोसळतं. केस, वजन, सगळं त्यातलंच. पुष्कळ मुलींना असतं, उपचारांनी आटोक्यात राहतं, फक्त वेळेत आणायला हवं होतं. मला संतापाने रडू फुटलं. वर्षभर मी स्वतःच्या जिभेला दोष देत होते.

आईने पहिला प्रश्न केला, "बाई, हिला लेकरं हुतील ना?"

"आधी मी धड बरी होईन का, ते विचार की गं आई."

आईने ते विचारलं नाही. विचारलं ते चुलतीने, आणि म्हणून मला आजही आईचाच राग जास्त येतो.