आक्कांच्या गोठ्याची भिंत

आधी शेवंताआक्कांचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या आमच्या घरमालकीण. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत कामाला. मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली, आणि इथं माझं म्हणावं असं कुणीच नाही. आक्का नसत्या तर मी नसते, आणि मांडीवरची ही पोरगीही नसती.

सातव्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझी खालची पापणी ओढून बघितली. आत सगळं पांढरंफटक. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "आयर्न डेफिशियन्सी ॲनिमिया आहे." म्हणजे अंगात लोह कमी, म्हणून रक्त कमी. "असंच राहिलं तर बाळंतपणात जाणारं रक्त तुम्हाला झेपणार नाही. बाळाचंही वजन भरत नाहीये."

शेजारी एक शिकाऊ मॅडम होत्या. गरोदरपणात लोह कमी का पडतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी विचारलं, "माती, खडू, राख, बर्फ असं काही खाता का?"

मी मान खाली घातली. मला घेऊन आलेल्या आक्काच बोलल्या, "खाती की! माझ्या गोठ्याचं भिताड खाल्लंया हिनं."

बाकावरच्या एका बाईनं "ई!" करून पदर नाकाला लावला. तिला तरी काय बोलू? मलाच माझी शिसारी येत होती.

आक्कांच्या गोठ्याची मागची भिंत मातीची. म्हशी धुतल्या की तिच्यावर पाणी उडतं. त्या ओल्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. फोडणीच्या वासानं उलटी व्हायची, आणि शेणाचे शिंतोडे पडलेल्या भिंतीवर जीव! कोपरा नखांनी उकरून खायचे. दातांखाली कचकच. एकदा म्हशीचा केस जिभेला चिकटला. तो काढून टाकला आणि पुन्हा खाल्लं. मग चूळ भरताना ते गढूळ पाणी बघून ओकारी यायची.

घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी तोंडाला गंज चाटल्यासारखी चव यायची, शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. त्या मी बंद केल्या. माती काही बंद झाली नाही.

एके दिवशी आक्का गोठ्यातून ओरडल्या, "घुशीनं भित पोखरली बघ! आज औषध घालतो." इकडं बायकाही 'घालतो', 'आलो' असंच म्हणतात. त्यांनी उंदराचं औषध पिठात मळून त्या भगदाडात कोंबलं.

दुपारी माझे पाय तिकडंच वळले. आत विष आहे हे ठाऊक असून मी औषध न लागलेली माती कुठं आहे ते शोधत होते. खरंच शोधत होते. मूठभर तोंडात टाकली आणि मागं बादली आपटली.

"आगं ए! थुक! थुक आधी!" आक्कांनी शेणाच्या हातानंच माझ्या तोंडात बोटं घालून सगळं बाहेर काढलं. नशीब, गिळलं नव्हतं.

"घूस नाही आक्का, मीच आहे," म्हणून मी रडायला लागले.

त्या "शी" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मग सांगायचं न्हाय व्हय? माझं औषध वाया गेलं की. चप्पल घाल, दवाखान्यात जाऊ."

तर असं आम्ही तिथं आलो होतो. शिकाऊ मॅडम म्हणाल्या, "ही घाण सवय नाही. याला पायका म्हणतात. लोह कमी झालं की काहींना खाऊ नये ते खावंसं वाटतं. बायका लाजेनं सांगत नाहीत, म्हणून मी प्रत्येकीला विचारते." अभ्यासासाठी थोडं जास्त रक्त घेऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी घाबरले.

आक्का म्हणाल्या, "उंदरावर करत्यात तसलं न्हाय न्हवं?"

मॅडम हसल्या. "नाही आजी. नको म्हणालात तरी उपचार तेच मिळतील." मी हो म्हणाले.

फेरिटिन तपासलं, म्हणजे अंगात साठवलेलं लोह. साठा संपत आला होता. वर पोटात जंत निघाले. ते ऐकून दोन दिवस अन्न गेलं नाही. जंतांची गोळी दिली, आणि सलाइनमधून लोह चढवलं. काळ्या चहासारखं ते पाणी नळीतून उतरताना तोंडात पुन्हा तीच गंजाची चव. वॉर्डच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, संडासाला कडी नाही. मी आत असले की आक्का दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि येणारीला म्हणायच्या, "दम काढा पावणं, बाई आत हाय."

हळूहळू धाप कमी झाली. मातीची ओढही गेली. दिवस भरून मुलगी झाली, वजनानं जरा कमी, पण आवाज आक्कांसारखा.

बायांनो, माती, राख खावीशी वाटली तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. सोसत नसल्या तर बंद करू नका, बदलून मागा. शौचाला काळं होतं, होऊ द्या. कुणी "ई" म्हणेल, म्हणू द्या.

आता त्या भिंतीजवळून गेलं तरी मला मळमळतं. मी बरी झाले, हे मला त्यावरूनच कळलं. भगदाड आक्कांनी पत्रा लावून झाकलंय. गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसून लिंपता येत नाही. पोरगी बसायला लागली की माती आणि शेण मी कालवणार, नाकाला पदर न लावता, आणि आक्कांची भिंत माझ्या हातानं लिंपून देणार.