मनगटाखालचं लाकूड

"साहेब, ह्या लोकांना झाड दिसलं की हात शिवशिवतात. सगळी पोकळ आहेत असं ह्यानेच सांगितलं. लाकडाच्या हावेपायी."

महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात सुनावणी चाललेली. बोलत होते शेठ, ज्यांच्या वाडीतली झाडं आम्ही दोन पिढ्या छाटली. बोट माझ्याकडे. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर शेठची बॅग बसलेली. मी उभा. तक्रार करणाऱ्या सोसायटीतल्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू येऊरचं जंगल मी एकट्याने नाश्त्याला खाल्लंय.

आम्ही कोपर गावचे. बाप झाडं तोडायचा. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकायचा आणि आत वाळवी आहे का एवढंच नाही, वाळवीचं माहेर कुठलं तेही सांगायचा. मी त्याचाच. मी वर चढलो की कावळे सरकून जागा द्यायचे. दोराने फांदी अशी उतरवायचो की खाली बसलेल्या बाईचा केस हलायचा नाही. तोडायचंच झालं तर बुंधा गुडघाभर ठेवायचा. तिरपा छाटायचा, पाणी साचायला नको. पावसाळ्यात त्यालाच धुमारे फुटायचे. मुळं जागच्या जागी, म्हणून उताराची माती जागच्या जागी. आठ माणसं, आठ दिवस काम, आठ चुली.

वाडीत एक रीत होती. मनगटाहून जाड लाकूड मालकाचं, मनगटाखालचं आमचं. आई आणि वस्तीतल्या बायका त्याच्या मोळ्या बांधायच्या. शेठ हसून म्हणायचे, अरे तुम्ही घरचीच माणसं. मी ते खरं मानलं. एवढ्या थापा मारणारा मी, दुसऱ्याची एक थाप ओळखता आली नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी शेठने बोलावलं. वाडी वागळे इस्टेटच्या मागे, उतारावर. मी एकेक खोड ठोकलं. तीन पोकळ. त्यांना चुन्याचा पट्टा मारला. बाकीची ठणठणीत, नुसती छाटू, म्हणालो. शेठने कोरा कागद पुढे केला.

"सही कर रे. बाकीचं ऑफिसात लिहितील."

घरच्या माणसाला काय विचारायचं? केली.

दुसऱ्या दिवशी आठही जण दोर घेऊन गेलेलो, तर तिथे जेसीबी. पट्टेवाली, बिनपट्टेवाली, सगळी मुळासकट उपटत होता. सकाळी झाडं, दुपारी मैदान. एक ड्रायव्हर, एक ट्रक. मनगटाखालचंसुद्धा ट्रकमध्ये, कुठल्यातरी कारखान्याच्या बॉयलरला. आम्ही हात हलवत परत.

पहिल्या मोठ्या पावसात उतार खाली आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल चिखल, गाड्यांच्या काचांपर्यंत. मी सांगतोय म्हणून अर्धा कमी करा. तरी चाकं बुडतातच.

म्हणून ही सुनावणी. आणि त्याच कागदावर, माझ्या सहीच्या वर, छापलेलं: सर्व झाडे पोकळ व धोकादायक.

"विचारा ह्याला," शेठ म्हणाले, "मनगटाखालचं फुकट नेतो का नाही?"

साहेबांनी विचारलं. नेतो, म्हणालो. खरंच होतं. माझ्या आईच्या डोक्यावरची मोळी त्या माणसाने पुरावा म्हणून टेबलावर मांडली. घरचेपण ह्यासाठी जपलेलं.

मग शेठ माझ्या कानाशी झुकले. गप्प राहा, दंड मी भरतो, पुढच्या वाडीचं काम तुलाच. मोह झाला. आठ घरं डोळ्यासमोर आली. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"झाडं ठणठणीत होती, शेठ. कोऱ्या कागदावर सही केली ती माझी चूक. वर लिहिलंय ते तुमचं."

"थापाड्या आहे साहेब. अख्ख्या कोपरला विचारा."

खोली हसली. ख्याती खरी आहे माझी. म्हणून बोलणं थांबवलं. कारकुनाकडून कागद मागितला, भिंतीला टेकवून उभ्या उभ्याच लिहिला. तीन पोकळ झाडं कुठे होती, बाकीची कोणती होती, सही कधी घेतली, जेसीबी कधी आला. एक शब्द फुगवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. खाली सही केली, आवकचा शिक्का मारून घेतला.

ते काम गेलं. ओळखीच्या चार वाड्यांचंही गेलं. गुन्हा माझ्यावरही दाखल होऊ शकतो. पुढच्या तारखेला शेठ वकील आणणार आहेत. मी जाणार. दंड झाला तर भरेन, आत टाकलं तर बसेन. पण सही माझी आहे. तिच्या डोक्यावर दुसऱ्याचं खोटं मी राहू देणार नाही.