डब्यातला बाळकृष्ण

देव आहे की नाही, असला मोठा प्रश्न मला कधी पडला नाही. माझा प्रश्न साधा होता. आहे, तर मग ऐकत का नाही?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, मूळचे मालवणकडचे, दणकट. यांना घास गिळवेना म्हणून तपासायला नेलं, तर मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी माझ्या भावाला बाजूला घेतलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, फार पुढे गेलेला, आता घरी न्या. यांना सांगायचं नाही असं भावाने आणि मी ठरवलं. "अल्सर आहे हो, औषधाने जाईल," असं मी यांना हसून सांगितलं आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की तेव्हाच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, कान धरावासा वाटतो. लग्नात माहेरून आलेला माझा पितळेचा बाळकृष्ण, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा, मी देव्हाऱ्यातून उचलला आणि पाण्यात ठेवला. आमच्यात रीतच आहे तशी. मागणं पुरं होईपर्यंत देव पाण्यात. मी त्याला दम भरला, "हे ताट भरून जेवतील त्या दिवशी तुला बाहेर काढीन. तोवर बस तिथे." देवाला ओलीस धरायचं आणि वर त्याला भक्ती म्हणायचं! पाणी मात्र रोज बदलत होते, बरं का. तेवढी माणुसकी होती माझ्यात.

देव पाण्यात होता आणि हे सुकत चालले होते. भात गेला, पेज गेली, मग दूधही थेंबाथेंबाने. दुखणं असं की उशीचा कोपरा दातात धरायचे. मी पाठीवरून हात फिरवला तरी अंग आक्रसून घ्यायचे. ज्याच्याशी आयुष्यभर भांडले, हसले, त्याला माझा हातही सोसवेना, यापेक्षा वाईट काही असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मुलं भावाकडे गोरेगावला ठेवली होती. घरात आम्ही दोघं आणि आमच्यामध्ये ते "अल्सर" नावाचं खोटं.

शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी बोरिवलीच्या पलीकडे एक घर आहे, असं यांच्या कारखान्यातल्या एकाने सांगितलं. मी कडकडून भांडले. "तिथे माणसं मरायला जातात!" भाऊ म्हणाला, "ताई, इथे काय करतायत?" त्याच्याशी मी पुढे महिनाभर धड बोलले नाही. पण गेलो. आणि पाण्यातल्या देवाला मागे कसा ठेवणार? मी बाळकृष्णाला पाण्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात घातलं, पिशवीत डबा ठेवला आणि टॅक्सीभर तो मांडीवर सांभाळला.

तिथली तऱ्हाच वेगळी होती. रोज सकाळी सगळे मिळून खाटेपाशी यायचे. चष्मा लावणाऱ्या शांत डॉक्टरबाई, केरळच्या एक सिस्टर आणि एक मराठी समाजसेविका. पहिल्या दिवशी डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या आणि यांनाच विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" इतक्या महिन्यांत यांना कुणी असं विचारलंच नव्हतं. सगळे मला नाहीतर भावाला विचारायचे. समाजसेविकेने माझ्यासाठी खुर्ची आणली. म्हणाली, "आमच्याकडे पेशंट दोन असतात. एक खाटेवर, एक खुर्चीवर. तुम्ही जेवलात का?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. सकाळपासून पोटात चहाही नव्हता.

डॉक्टरबाईंनी दुखण्यावर एक कडू औषध सुरू केलं, ठरल्या वेळेला द्यायचं. अफूपासून करतात असं कळल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "याची सवय लागली तर?"

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "सवय लागायला वेळ लागतो. तेवढा आपल्यापाशी नाही."

या बाईलाही डब्यात बुडवावं, असं मला वाटलं.

पण दुखणं थांबलं. हे उशी न चावता झोपले. त्यांच्या पाठीवर मला पुन्हा हात ठेवता आला. आणि माझी अक्कल बघा, दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असा मी हिशेब केला! खाटेखालच्या डब्याला म्हटलं, "आलास ना वठणीवर? आता जेवण तेवढं कर."

त्याच आठवड्यात पाणीसुद्धा गिळवेनासं झालं. सिस्टरनी मला कापसाने ओठ कसे ओले करायचे ते शिकवलं. मी कापूस भिजवायचे, ओठांवर फिरवायचे, परत भिजवायचे. खाटेखाली एक जण पाण्यात बुडालेला, खाटेवर दुसरा पाण्याच्या थेंबाला आसावलेला, आणि मधे मी. प्रार्थना म्हणून काही उरलंच नव्हतं. कापूस बुडवताना मनात शब्दच यायचे नाहीत. देव मला नको होता, फक्त त्याला सोडवत नव्हतं. तो बाहेर आला की हे जातील, एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं.

तिथे स्वयंपाकघरात मदतीला घाटकोपरच्या एक कांताबेन यायच्या. घरून आलेले डबे गरम करून देणं हे त्यांचं काम. एका सकाळी डॉक्टरबाई, सिस्टर, समाजसेविका अशा सगळ्या खाटेपाशी असताना कांताबेन फडक्यात माझा खाटेखालचा डबा धरून दारात आल्या. चेहरा पांढराफटक.

"भाभी, माफ करा हां. मी समजली, सूप हाय. गॅसवर ठेवला. ढवळायला गेली तर चमच्याला टणटण लागला." त्यांनी डबा पुढे केला. "अंदर तो कानुडो निकला!"

जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं झालं. आणि मग एक आवाज आला. घरघरल्यासारखा. सिस्टर पुढे धावल्या, तर हे हसत होते! बरगड्या हलत होत्या, डोळ्यांतून पाणी.

"काय गो," हे म्हणाले, "देवाचा सार केलंस?"

"अहो, ते तुमच्या अल्सरसाठी..."

"अल्सरासाठी कोण देव पाण्यात घालता?" दम खाऊन हे म्हणाले, "माका पयल्यापासून ठाऊक आसा. तू रडशीत म्हणान गप रवलंय."

म्हणजे मी यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. दोन खोल्यांच्या घरात दोघं जण, एकेकटे.

"भायर काढ तेका."

"आणि तुम्ही?"

"मी जातलंय गो. तो बुडान रवलो म्हणान मी थोडोच रवतलंय?"

माझा हात उचलेना. कुणी मला समजावलं नाही, घाईही केली नाही. समाजसेविकेचा तळवा पाठीवर होता, तेवढंच. शेवटी मी डब्यात हात घातला. पाणी कोमट होतं. बाळकृष्णाला बाहेर काढलं, पदराने पुसलं, त्याच्या लोण्याच्या गोळ्याखाली साचलेलं पाणीसुद्धा टिपलं, आणि यांच्या तळहातावर ठेवलं. "गरम आसा," असं म्हणून यांनी बोटं मिटली. मी मनात म्हटलं, ने बाबा यांना. पण दुखवू नको. कित्येक महिन्यांत मी देवाला अट न घालता बोललेलं ते पहिलं वाक्य.

पुढचे थोडेच दिवस मिळाले. पण ते आमचे होते. मुलीच्या लग्नाची घाई करू नकोस म्हणाले. मुलं आली, बापाच्या खाटेवर चढून बसली. सिस्टरनी विचारलं, यांना काय आवडायचं? मी म्हटलं, सोलकढी. मग पाण्याऐवजी त्यातच कापूस बुडवू या, त्या म्हणाल्या. कांताबेननी मला विचारून विचारून सोलकढी केली आणि मी पाठ फिरवताच तिच्यात साखर घातली. मी तो गुलाबी कापूस यांच्या ओठांवर फिरवला. यांनी जीभ फिरवली, कपाळाला आठी घातली. "गोड कोणी केली?" मग डोळे मिटून म्हणाले, "ऱ्हवांदे. पोट भरला गो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. उशी चावली नाही. माझा हात हातात होता.

मी शहाणी होऊन घरी परतले असं समजू नका. मी कोसळले. वर्षभर देव्हाऱ्यात दिवा लावला नाही आणि कोकमांचा डबा उघडला नाही. चमत्कार झाला असंही मी म्हणत नाही. माझं माणूस वाचलं नाही. फक्त, ताट भरून जेवतील त्या दिवशी तुला काढीन, असं मी म्हटलं होतं, आणि मी आधी काढल्यावर हे पोट भरलं म्हणाले. याचा अर्थ मी कुणाला विचारत नाही. त्या खाटेभोवती रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या बायका आणि टणटण वाजल्यावर घाबरलेल्या कांताबेन मला कुणी पाठवल्या, हेही विचारत नाही. नमस्कार मात्र करते.

परवा नात म्हणाली, "आजी, माझी परीक्षा आहे ना, देव पाण्यात ठेव गं." मी म्हटलं, "तू अभ्यासात डोकं बुडव. त्याला एकदा बुडवून झालंय."

आता तो पाण्यात जातो तो सकाळच्या आंघोळीपुरता. आधी मी बोट घालून बघते. कोमट आहे ना, एवढंच.