शत्रुपक्षाची मरणे

ज्या नोकरीत दिवसातून अनेकदा मरावे लागते, त्या नोकरीत किस्से साठणारच! ते कोणी मुद्दाम गोळा करीत नाही. सागाच्या रानात पाचोळा साचावा तसे ते साचत जातात, आणि चार माणसे एकत्र बसली की आपोआप वाजू लागतात.

प्रथम नोकरीविषयी सांगतो. जळगाव जामोदच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, बंटीभाऊ नावाच्या तरुणाने आपल्या मालकीच्या सागाच्या रानात युद्धाच्या खेळाचे मैदान काढले आहे. शहरांतील कचेऱ्यांचे चमू येथे येतात, लष्करी गणवेश आणि छर्ऱ्यांपासून जपणारा, चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा चढवतात, बॅटरीवर चालणाऱ्या खोट्या बंदुकांतून प्लॅस्टिकचे छर्रे झाडतात आणि शत्रूचा बीमोड करून संध्याकाळी परत जातात.

तो शत्रू म्हणजे आम्ही. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले भीमराव वानखडे, हमाली सुटलेले सुपडाभाऊ, आणि स्वयंपाक सांभाळून लढणाऱ्या कमलबाई. मी पंच. माझी शाळा सातवीत सुटली, तथापि इंग्रजी नियमावली मराठीत मीच आणली. त्यामुळे सर्वजण मला मास्तर म्हणतात.

*

आरंभी बंटीभाऊंनी शत्रू म्हणून सैन्यभरतीची तयारी करणारी मुले घेतली होती. त्या मुलांनी पहिल्याच दिवशी चहा होण्याआधीच एका कचेरीचा निःपात केला! पाहुणे रागारागाने गाडीत जाऊन बसले. कोणी जेवलेसुद्धा नाही.

त्यानंतर बंटीभाऊ आमच्या पारावर आले आणि म्हणाले, "मले साठीच्या वरचेच मानसं पाह्यजे. ते पळत नाहीत, अन् त्याह्यले जिंकाची घाई बी नसते."

आमची निवड या एकाच गुणावर झाली.

*

या खेळात छर्रा लागला की नाही, हे दुसरा कोणी पाहत नाही. ज्याला लागला, त्यानेच हात वर करून "मेलो!" असे ओरडायचे असते. सारा खेळ माणसाच्या प्रामाणिकपणावर चालतो.

कमलबाईंनी पहिल्याच दिवशी नकार दिला. "घरी नात बाळंत व्हाची हाय, अन् मी सकाळी सकाळी 'मेली, मेली' म्हणत बोंबलू? मले नाही जमत!"

बंटीभाऊ म्हणाले, "मावशी, खोटं खोटं म्हणाचं हाय."

"खोटं असन तरी आयकनारा खराच असते ना!"

मी नियमावलीतला शब्द बदलला. तेव्हापासून आमच्याकडे शत्रू मरत नाही, "लागली!" असे म्हणून तो फक्त बाजूला बसतो.

*

आता तो दिवस, ज्याबद्दल तुम्ही मला दर वेळी विचारता.

आभाळ पहाटेपासून भरलेले होते, परंतु पडत नव्हते. नागपूरच्या एका कंपनीची गाडी येऊन थांबली. माणसे उतरू लागली आणि माझ्या शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या वानखडे यांनी एकाएकी मुखवटा चढवला. कप हातातच राहिला.

सुपडाभाऊ म्हणाले, "काऊन बे भीमा, चहा काय नाकानं पितं? नळी आनू का?"

वानखडे हळूच म्हणाले, "ते निळ्या ओढणीवाली. माही सुजाता हाय."

 सुजाता ही त्यांची एकुलती एक कन्या. पत्नी पूर्वीच वारलेली. मागे वानखडे स्वयंपाकघरात छाती धरून कोसळले, तेव्हा सुजाता दिवाळीसाठी घरी आलेली होती, म्हणूनच ते वाचले. हृदयात दोन नळ्या बसल्या. "आता घरी नुसते बसून राहायचे; पुन्हा कुठे राबताना दिसलात, तर घराला कुलूप लावून तुम्हाला नागपूरला नेईन," असे तिने बजावले होते. बसून राहणे त्यांना दोन महिनेसुद्धा जमले नाही. फोनवर ते रोज तिला "बसलो हाय" असे सांगत असत.

"मास्तर, तिनं पाह्यलं त आजच नेईन मले. तिसरा मजला हाय तिचा. गॅलरीले जाळी हाय. कबुतरं आत येऊ नाही म्हनून."

"मग आज घरी जा," मी म्हणालो.

"अन् बंटीभाऊले काय सांगू? त्याले माह्या छातीचं मालूम नाही. मालूम झालं त तो बी काढून टाकन."

अशा प्रकारे त्या दिवशी वानखडे यांना दोन्ही सैन्यांपासून लपायचे होते.

*

पहिल्या डावात पाहुण्यांच्या मॅनेजरसाहेबांनी सुपडाभाऊंना नेमके टिपले. सुपडाभाऊ "लागली!" म्हणाले, सागाच्या बुंध्याशी बसले, चंची काढली आणि शांतपणे तंबाखू मळू लागले.

मॅनेजरसाहेबांनी विजयाचा फोटो काढण्यासाठी त्यांच्याजवळ पाय रोवला. सुपडाभाऊंनी तळहात पुढे केला. "घेता का, साहेब?"

साहेब तक्रार घेऊन थेट बंटीभाऊंकडे गेले. "तुमचे शत्रू अजिबात सिरियस नाहीत! मारल्यासारखं वाटतच नाही हो!"

बंटीभाऊ अजिजीने म्हणाले, "साहेब, दुपारच्या डावात आमच्या वानखडेकाकांचं मरण पाहा. लोक त्यासाठी परत परत येतात!"

ते असत्य नव्हते. नुसते बाजूला न बसता साग्रसंगीत पडणारे वानखडे एकटेच; त्यांचे मरण हे आमच्या मैदानाचे भूषण होते. प्रथम हात छातीकडे जाई. बोटे सदऱ्याची गुंडी शोधत. मग गुडघे वाकत, आणि पडलेली वस्तू चाचपडावी तसा दुसरा हात जमिनीवर फिरत राही. पाहुणे हमखास टाळ्या वाजवीत.

*

जेवणाच्या सुट्टीत मी वानखडे यांना एकीकडे नेले.

"दुपारी साधे मरा. हात वर करा आणि खाली बसा. एवढा अभिनय नको."

"अभिनय कुठचा, मास्तर? मले एकच मरन येते. जसं झालं होतं, तसंच करून दाखोतो."

"म्हणजे सुजाताच्या समोर?"

"हो. तिच्याच समोर झालं होतं."

 इतके दिवस आम्ही कशाला टाळ्या वाजवीत होतो, हे मला तेव्हा कळले.

"मग आज तिच्यासमोर पडू नका," एवढेच मी म्हणालो.

"नाही पडत. हात वर करतो अन् बसतो."

*

पाहुणे झाडाखाली भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी जेवत होते. वानखडे दूर बंकरच्या पोत्यांवर पाठमोरे बसलेले होते, मुखवट्यासह.

सुजाताने कमलबाईंना विचारले, "मावशी, ते काका जेवत का नाहीत?"

"उपास हाय त्याले."

"आज कोणता उपास?"

"त्याचा सोताचा हाय."

सुजाताने आपल्या पिशवीतून दोन केळी काढून कमलबाईंच्या हाती ठेवली. "त्यांना द्या. या वयात उपाशी पोटी पळवू नका हो कोणाला. माझे बाबा इथं जवळच असतात, संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे मी. सांगितलं नाही त्यांना. अचानक गेले की खूश होतात."

कमलबाईंनी केळी पोचवली, निरोपही पोचवला. वानखडे यांनी मागे न वळता मुखवटा किंचित वर करून दोन्ही केळी खाल्ली.

"काय म्हनत होती?"

"खूश होता म्हने तुम्ही, अचानक आली की."

*

दुपारच्या डावासाठी आम्ही कधी नव्हे ती रणनीती आखली. वानखडे नाल्यापलीकडच्या शेवटच्या बंकरमध्ये राहतील. सुपडाभाऊ आणि कमलबाई पुढे उभे राहतील आणि वेळ संपेपर्यंत पुनःपुन्हा मरतील. पंच या नात्याने मी हे ऐकायला नको होते. ऐकले.

त्या दोघांनी शर्थ केली. कमलबाई एका झाडाआडून मरून दुसऱ्या झाडाआडून उठत होत्या. सुपडाभाऊ तर गोळी सुटण्याआधीच "लागली! लागली!" असे ओरडत होते! परंतु मॅनेजरसाहेब कंटाळले. त्यांना ते प्रसिद्ध मरण हवे होते.

"सुजाता, नाल्यातून वळसा घाल! मागे एक राहिलाय. आम्ही व्हिडिओला येतोच!"

सुजाता नाल्यातून वर चढली. वानखडे पोत्यांआडून उभे राहिले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी हात वर केला. मी त्या जागेपासून फार दूर नव्हतो. तरीही छर्रा सुटल्याचा आवाज मी ऐकला नाही.

वर केलेला हात खाली आला. छातीवर गेला. बोटे गुंडी शोधू लागली. गुडघे वाकले आणि दुसरा हात पाचोळ्यात काहीतरी चाचपडू लागला.

मागून धावत आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

सुजाताने बंदूक टाकली. तोंडावरचा मुखवटा ओढून काढला. मैदानात मुखवटा काढणे नियमबाह्य असल्यामुळे मी शिट्टी वाजवली. सवयीने हात शिट्टीकडेच गेला. तिने ती ऐकली नाही. ती पाचोळ्यात गुडघे टेकून बसली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली आणि त्यांचा मुखवटा वर सारला. सकाळपासून शुद्ध शहरी बोलणारी ती मुलगी एकदम घरच्या बोलीवर आली.

"बाबा, तोंड उघडा. जीभ वर करा."

त्यांनी तोंड उघडले. तिने गोळी जिभेखाली ठेवली.

"खरं हाय का हे? बाबा, मले सांगा ना! खरं हाय का खेळ हाय?"

वानखडे यांचे डोळे मिटलेले होते. गोळी सांभाळत ते अगदी हळू म्हणाले, "तू तिकडं हो, माय. तुहे साहेब पाहून राह्यले."

एव्हाना मॅनेजरसाहेब मोबाईल उंच धरून अगदी जवळ आले होते. त्यांचा चेहरा आनंदाने फुललेला होता.

"सुपर्ब, काका! एकदम नॅचरल! सुजाता, तू जरा फ्रेमच्या बाहेर हो ना. काका, परत एकदा होईल का? माझा व्हिडिओ राहिला!"