उघड्या डब्यातलं ब्रेक ऑइल

कोपरगावला ऊस वाहणाऱ्या ट्रकांचे ब्रेक करता करता मी हे काम शिकलो आणि पुढे नगरला स्वतःचं गॅरेज टाकलं. पुण्याचे एक गृहस्थ शिर्डीहून परतताना गाडीचा ब्रेक धरत नाही म्हणून माझ्याकडे थांबले. दोन तासांत गाडी करून दिली. ते एका रेसिंग टीमचे मॅनेजर निघाले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, "एक हंगाम आमच्याकडे या. ब्रेकचं सगळं तुमच्यावर."

असा मी चाळिशी उलटल्यावर राष्ट्रीय जीटी शर्यतींत शिरलो. या गाड्या वरून महागड्या स्पोर्ट्स कारसारख्या, पण आतून सगळं काढून टाकलेलं. राहतं ते एक सीट आणि त्याभोवती लोखंडी पिंजरा. शर्यत तासाभराची, एका गाडीला दोन ड्रायव्हर; अर्ध्यात एकाने उतरायचं, दुसऱ्याने बसायचं. आमच्या गाडीवर एक प्रौढ उद्योजक होते आणि दुसरी पुण्याचीच, सत्तावीस वर्षांची एक मुलगी. सराव संपला की उद्योजक सावली गाठायचे. ती मात्र हेल्मेट काखेत घेऊन चाकापाशी उकिडवी बसायची आणि विचारायची, "दादा, पॅड किती राहिले?" मी दाखवायचो. तिला खरंच कळून घ्यायचं असायचं.

हंगामात तीन फेऱ्या होत्या, तिन्ही तमिळनाडूत. पहिली बरी गेली. दुसरीच्या वेळी हवा दमट, अंगाला शर्ट चिकटत होता. शर्यतीच्या सकाळच्या सरावानंतर उद्योजक म्हणाले, पेडल खोल जातंय. ब्रेक ऑइल तापून निकामी झालं होतं, ते बदलायला हवं होतं. आमचे नवे डबे संपले होते. गेल्या फेरीत उघडलेला एक अर्धा डबा तेवढा कपाटात होता.

"हा चालणार नाही साहेब. उघडं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. तापलं की लगेच उकळतं आणि पेडलमधला जोरच जातो."

"तासाभराचा तर प्रश्न आहे. घाला," मॅनेजर म्हणाले.

"शेजारच्या टीमकडे एखादा डबा मागू का?"

"आपण कुणापुढे हात पसरणार नाही."

शेजारची टीम वीस पावलांवर होती. मी न विचारता गेलो असतो तरी मला कुणी खाऊन टाकलं नसतं. पण गेलो नाही. तोच डबा उचलला आणि माझ्या हातांनी ते ऑइल भरलं. मुलीला काही सांगितलं नाही. शर्यतीआधी तिच्या मनात भीती नको, असं त्या वेळी स्वतःला समजावलं.

उद्योजकांनी सांभाळून चालवली. अर्ध्यात ती बसली. तिच्या चौथ्या चकरेत मी ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी उभा होतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडीचा ब्रेक लाइट लागला, विझला, पुन्हा लागला, विझला, पुन्हा लागला. गाडीचा वेग काही उतरला नाही. ती तशीच टायरांच्या ढिगात शिरली.

तिच्या उजव्या पायाचा घोटा आणि मांडीचं हाड मोडलं होतं. आयोजकांनी चौकशी केली. पुढची चाकं उखडली होती, ब्रेकच्या नळ्या तुटून ऑइल सांडून गेलं होतं. तपासायला काही उरलंच नव्हतं. मॅनेजर म्हणाले, तिने ब्रेक उशिरा दाबला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ब्रेक ठीक होते." आयोजकांनी चूक तिच्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर तीच म्हणाली, "सॉरी दादा. माझंच चुकलं. तुमच्या गाडीची वाट लावली." मी तिच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो.

तिसऱ्या फेरीला तिच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. दुरुस्त करून उतरवलेली आमची गाडी तिसरी आली. सगळ्यांनी मला ओढून फोटोत घेतलं.

हंगाम संपवून घरी आलो. गिऱ्हाईकाची गाडी देताना मी ब्रेक दहा-दहा वेळा बघायला लागलो. बायको तिसगावची, गोष्टी पोटात ठेवणारी नाही. एका दुपारी तिने पाठच धरली, तेव्हा सगळं सांगितलं.

"तिला ठाव हाय का हे?"

"नाही."

"म्हंजी ती बिचारी सोताचीच चूक म्हनून बसली आसंल. पाय तर मोडलाच, वरनं हे बी तिच्याच डोक्यावर. तुमी जाऊन सांगा तिला."

अपघाताला चार महिने होत आले असताना मी पुण्याला गेलो. तिने काठी टेकत दार उघडलं आणि मला बघून हसली. तिच्या आईने चहा आणला. मी कपाला हात न लावता डब्यापासून सगळं सांगितलं. ऐकून मुलगी हळूच म्हणाली, "मी तीनदा दाबला होता."

"लाइट तीनदा लागला. मी बघितला."

"बघितलात?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, मला भास होतोय. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. तेव्हा का नाही बोललात तुम्ही?"

घाबरलो, एवढंच खरं होतं आणि तेही तोंडून निघालं नाही. तिची आई दारात उभी राहून रडत होती. मुलीने विचारलं, "हे लिहून द्याल?"

"देईन."

"मग आता जा, दादा."

मी लिहून दिलं. आयोजकांनी परत बोलावलं, परत विचारलं; या वेळी खरं सांगितलं. तिच्यावरचा ठपका काढल्याचं पत्र तिला गेलं. मॅनेजरनी फोन करून मला नमकहराम म्हटलं. त्यानंतर कुठल्याच टीमने मला बोलावलं नाही, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती.

तिचा पाय पूर्ण वाकत नाही, असं उद्योजकांकडून कळलं. ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. बायको म्हणते, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. असेल. पण त्या मुलीने ते चार महिने स्वतःला दोष देत काढले, ते मला परत करता येत नाहीत. मी तिला फोन करत नाही. तिचाही येत नाही.