मचाण नंबर सात

आमचे घरमालक रोज बसायचे. बायकोने हे फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "इतका सभ्य माणूस, आणि रोज?" हे घरमालक आजोबा बसायचे ते जंगलात, मचाणावर, थर्मासमध्ये पुदिन्याचा चहा घेऊन. शिकारीसाठी मचाणावर जाण्याला जर्मन शिकारीही बसणंच म्हणतात. पुण्यातल्या बसण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना अजूनही पटलेलं नसावं.

जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका गावात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर पाच वर्षं राहिलो. मी सॉफ्टवेअरवाला, आणि तेव्हा ज्याचं त्याचं ॲप निघत होतं. त्यांच्या शिकारगटाच्या प्रमुखांनी मला गाठलं आणि मी शनिवार-रविवारी बसून त्यांना ॲप करून दिलं. कोण कोणत्या मचाणावर आहे हे सगळ्यांना कळावं, म्हणजे त्या दिशेने कोणी गोळी झाडणार नाही, हा मुख्य हेतू. आधी त्यासाठी जंगलाच्या तोंडाशी एक फळी होती. आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला तिच्यावर अडकवायचा आणि आत जायचं. आजोबा ॲपमध्ये हजेरी लावायचे आणि वर बिल्लाही अडकवायचे. मी हटकलं तर म्हणाले, "बिल्ल्याची बॅटरी संपत नाही."

त्यांचा नंबर सात. तिसाव्या वर्षापासून ते त्या मचाणावर बसत होते. मचाण फुकट मिळायचं, पण दर हंगामात, जानेवारी संपायच्या आत, तीन हरणं मारायची अट असायची, कारण हरणं वाढली की कोवळी रोपं खाऊन टाकतात. पूर्वी मारलेल्या हरणाची नोंद कागदावर व्हायची: तारीख, जागा, सही. प्रमुखांनी सुचवलं की ॲपमध्ये फोटो सक्तीचा करा. मी केला. फोटो जोडल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नव्हती, आणि मला त्याचं भलतंच कौतुक होतं.

ऑक्टोबरात एका रविवारी आजोबा वर आले. एरवी ते जिन्याखालूनच हाक मारायचे. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले आणि फोन पुढे करून म्हणाले, "हेर कुलकर्णी, हा फोटो वगळता येईल का?"

मी कारण विचारलं. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"चार वर्षं मी काही मारलेलं नाही. जनावर जखमी करून सोडायचं नाही, म्हणून चापाला बोट लावत नाही."

"मग यादीतली हरणं?"

"ती मी लिहिली," ते म्हणाले. "नाही लिहिली तर सात नंबर जातो. बायको गेल्यापासून मला संध्याकाळी घरात बसवत नाही."

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडे बघतो म्हणजे नाही. सांगणाऱ्याला ते माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही, आणि कोणाचं मन न दुखावता विषय संपतो. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणवेना, आणि त्यांच्या खोट्या नोंदींना हातभार लावायचीही तयारी नव्हती. पण मी ते जर्मनमध्ये म्हणालो होतो, आणि आजोबा शब्दाला शब्द धरणारे. "गुट," ते म्हणाले. "तुम्ही बघताय म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर त्यांनी केलेल्या आलुबुखाराच्या जॅमची बरणी होती. ती आम्ही महिनाभर पुरवून खाल्ली.

त्यानंतर मी काहीही बघितलं नाही. आजोबा जिन्यात भेटायचे, हवेबद्दल बोलायचे, फोटोचं एकदाही विचारलं नाही. फेब्रुवारीत सात नंबर दुसऱ्याला गेला. बिल्ला त्यांनी खालच्या व्हरांड्यात किल्ल्यांशेजारी टांगला. संध्याकाळ झाली की ते कोट घालून स्वयंपाकघरात बसलेले दिसायचे. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

दफनाच्या वेळी गटातल्या लोकांनी शिंग फुंकलं, पेटीवर फरच्या झाडाची डहाळी ठेवली. बायको रडली. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. लॅपटॉपचा चार्जर ऑफिसात राहिलाय, एवढंच डोक्यात येत होतं.

आठवड्याने प्रमुखांनी त्यांचं खातं काढून टाकायला सांगितलं. काढण्याआधी मी ते उघडलं. शिकारीच्या यादीत, सात नंबर गेला त्या हंगामाची एकही नोंद नव्हती. खाली मात्र अर्धवट सोडलेल्या नोंदी होत्या, ॲप त्या आपोआप साठवायचं. ऑक्टोबरपासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, दर रविवारी एक. प्रत्येकीत मचाण सात, एक हरीण, आणि फोटोच्या पानावर थांबलेली. मी फोटोचं काही बघितलं का, ते आजोबा दर रविवारी बघत होते.

मी खातं काढून टाकलं आणि जेवायला गेलो. त्याही दिवशी रडू आलं नाही, नंतरही नाही.

तेव्हापासून बघतो हा शब्द मात्र तोंडातून निघत नाही. कोणी काही मागितलं तर हो म्हणतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो. परवा सासूबाईंनाही फोनवर नाही म्हणालो. बायको म्हणते, तू आता पक्का जर्मन झालास.