दुबईला लोकरीचे मोजे

गादी दुरुस्तीला आली की चाचा आधी तिच्या पोटावर तळहात दाबायचे, डॉक्टर दाबतात तसा, आणि मालकाकडे न बघता निदान सांगायचे. "डाव्या अंगले झोपतस तुम्ही, सर. नी बाई भिंतीकडे." माझ्या संसाराची इतकी माहिती माझ्या सख्ख्या भावालाही नव्हती. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीतले लोक त्यांच्याकडे गादी देताना थोडे लाजतच असत.

चाचा धंद्याने पिंजारी. धुळ्याकडच्या एका खेड्यातून आलेले, त्यामुळे बोलण्यात उर्दू चवीपुरती आणि अहिराणी पोटभर. बायको लवकर गेली. एकुलता मुलगा त्यांनीच वाढवला. तुम्हीही असे बाप पाहिले असतील. तोंड पोराची तक्रार करतं आणि चेहरा बढाई मारतो. "मोबाईलमधून मुंडकं वर काढत नही, सर. मी मेलो तरी त्याले मेसेजच धाडावा लागीन!"

त्या मोबाईलमध्ये मुंडकं नक्की कुठे अडकलं होतं, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा आयटीआय झालेला. दुबईत वायरमनची नोकरी लागली म्हणाला, तेव्हा चाचांनी गल्लीभर पेढे वाटले. मग एका दुपारी त्याची बॅग नीट लावून द्यायला बसले, तर तळाशी लोकरीचे जाड मोजे, कानटोपी आणि बर्फात घालतात तसलं जाकीट.

"दुबईले लोकरीचे मोजे कसाले रे?"

मुलाने आधी थापा मारल्या, मग खरं सांगितलं. वर्षभर तो फोनवर कुणा न पाहिलेल्या माणसांशी बोलत होता. दुबईहून पुढे एका डोंगराळ मुलखात जायचं होतं, लढायला. चाचांनी हात जोडले. तो म्हणाला, "अब्बा, तुमच्या गाद्यांवर लोक झोपतात. मी झोपणाऱ्यांतला नाही."

हे चाचांनी मला नंतर सांगितलं. असली वाक्यं पोरांची स्वतःची नसतात. कुठून तरी तयार शिवून येतात आणि विशीतल्या कुणालाही बरोबर बसतात.

आमच्याकडे पोरगं हाताबाहेर गेलं की बाप त्याला चौकीवर नेतो. जमादार डोळे वटारतो, एखादी कानफटात देतो, पोरगं संध्याकाळी रडत घरी येतं. चाचा त्याच हिशेबाने चौकीतल्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "दोन द्या, साहेब, पण विमानात बसू देऊ नका." घरी येऊन त्यांनी मुलासाठी खिमा शिजवून ठेवला.

मुलाला मुंबईच्या विमानतळावर अडवलं. खिमा वाया गेला. चौकशी आठवड्यांमागून आठवडे चालली. इकडे झडतीला आलेल्यांनी दुकानातली प्रत्येक गादी उसवली. आत कापूसच निघाला. दिवसभर गल्लीत कापूस उडत होता आणि चाचा तो गोळा करत फिरत होते. कुणाचा कुठला, हे आता त्यांनाही सांगता येईना.

पुढे मुलाला सोडलं. तो कुठे पोचलाच नव्हता, त्यामुळे प्रकरण समजावणीवर भागलं. घरी आला, पिशवीत कपडे भरले आणि दारात थांबून विचारलं, "तुम्हीच सांगितलं?"

"हां."

बापलेकांत त्यानंतर शब्द नाही. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला.

गल्लीत निम्मे लोक चाचांना अतिरेक्याचा बाप म्हणत, निम्मे पोलिसांचा खबऱ्या. गादी द्यायची नाही यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत. आमच्या गल्लीत इतकी एकी मी गणपतीच्या वर्गणीलाही पाहिली नाही. मी मुद्दाम एक उशी नेली. चाचांनी ती उसवून पुन्हा भरायला तीन दिवस लावले. दुसरं कामच नव्हतं.

अशात एका मंडळाला 'जागरूक नागरिक' म्हणून त्यांचा सत्कार करायचं सुचलं. मी मराठीचा निवृत्त मास्तर, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. माहिती घ्यायला गेलो.

"काय लिहिणार, सर? बापाने पोऱ्याची चुगली केली?"

"मानपत्रात त्याला कर्तव्य म्हणतात, चाचा."

"नी शाल दिल्यावर तो बोलीन का माझ्यासंगे?"

मी वही मिटली. सत्काराच्या दिवशी फुलं होती, माईक होता, सीमेपलीकडच्या धोक्यावर पाऊण तास भाषण झालं; चाचांची खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी शाल शेवटी दुसऱ्या पाहुण्यांना पांघरली. ते जागरूक होते की नाही, कल्पना नाही; भाषणात तरी डुलकी घेत होते.

चाचा त्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले होते. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन लागला. मागे यंत्रांचा खडखडाट होता. मुलाच्या कारखान्यासमोर चहाच्या टपरीवर कपबशा विसळायचं काम धरलंय म्हणाले. मी विचारलं, "ओळख देतो का?"

"दिवसाले दोनदा जास समोरून. मान फिरवून जास. चहा दुसरीकडे पेस."

त्या खडखडाटात मी फोन कानाशी घट्ट धरला.

"नही बोलत तर नही, सर," चाचा म्हणाले. "सुरतमाच शे ना. रोज दिखास." मग कुणीतरी कप मागितला आणि त्यांनी फोन ठेवला.